शीतकाल आणि कोमल वनस्पतींचे रक्षण : मेडशी परिसरातील परसबाग व विदर्भातील पानमळा यांच्या संदर्भात

हिवाळ्यात कोमल औषधी व सुगंधी वनस्पतींचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी शीत कटिबंधातील बागवानांचा वाटतो. युरोपात व उत्तर अमेरिकेत शरद ऋतू सरत आला की सब्जाची रोपे आणि गवती चहाचे ठोंब कुंड्यांत काढून घरात किंवा काचगृहात नेण्याची रीत आहे. कारण उघड्यावर राहिल्यास ती गोठून मरणार, हे ठरलेलेच असते. ज्या विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेथे या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका साहजिक आहे. परंतु शीत प्रदेशात संकट ठरलेले असल्यामुळे तयारीही ठरलेली असते; विदर्भात मात्र संकट मोजक्या रात्रींपुरते येते, तेही दरवर्षी येतेच असे नाही, आणि म्हणूनच ते अवचित गाठते. शिवाय येथे पाणी गोठण्यापूर्वीच वनस्पतीस बाधा होऊन चुकलेली असते. या दोन गोष्टींमुळे येथील शीतरक्षणाची मीमांसा शीत देशांतील ग्रंथांवरून जशीच्या तशी उचलता येत नाही. ती स्वतंत्रपणे करावी लागते.

प्रस्तुत विवेचनात 'कोमल' हा शब्द विशिष्ट अर्थाने योजिला आहे. उष्ण व दमट प्रदेशांत उत्पन्न झालेल्या ज्या वनस्पतींना शून्याच्या बऱ्याच वरचे, म्हणजे साधारणतः दहा ते बारा अंश सेंटिग्रेडच्या खालचे तापमान बाधते, त्या कोमल होत. नागवेल, पिंपळी, सब्जा, तुळस, पानओवा, हळद, आले ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. याउलट कोथिंबीर, मेथी, ओवा, बडीशेप यांचा हिवाळा हाच वाढीचा काळ होय. एकाच परसात, एकाच रात्री, एका वाफ्यातील मेथी जोमाने वाढत असते आणि शेजारच्या वाफ्यातील सब्जाची पाने काळी पडत असतात. तेव्हा थंडी ही स्वतः हितकारक वा घातक नसून, ती कोणत्या वनस्पतीस, तिच्या कोणत्या अवस्थेत आणि किती वेळ भोगावी लागते, यावर परिणाम अवलंबून असतो.

स्थान व हवामान

मेडशी हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर, पातूर व मालेगाव यांच्या दरम्यान आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा प्रदेश अकोला जिल्ह्यात मोडत असे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन आणि दक्षिणेस वाशीमचे पठार अशी येथील रचना आहे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे, तर वाशीमची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. या दोहोंमधील चढणीचा, टेकड्यांनी व नाल्यांनी तुटलेला जो भूभाग आहे, त्यात मेडशी येते. काटेपूर्णा व मोर्णा या नद्या याच डोंगराळ पट्ट्यातून उत्तरेकडे वाहतात. उंचसखलपणाची ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल. कारण थंड रात्री एकाच गावच्या शिवारात टेकडीच्या उतारावर एक तापमान आणि नाल्याकाठच्या खोलगट वावरात दुसरेच तापमान असते.

ऑक्टोबरात पाऊस संपतो, आकाश निवळते आणि हवेतील बाष्प उत्तरोत्तर कमी होत जाते. डिसेंबर व जानेवारीत उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठोपाठ उत्तरेकडील कोरडी थंड हवा मध्य भारतात उतरते. समुद्र दूर असल्यामुळे दिवस व रात्र यांच्या तापमानांतील तफावत मोठी असते. अशा वेळी पारा किती खाली जाऊ शकतो, याची कल्पना नागपूरच्या एका नोंदीवरून येते : २९ डिसेंबर २०१८ रोजी तेथे किमान तापमान ३.५ अंश नोंदले गेले. भारतीय हवामानखात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश वा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीच्या साडेचार ते सुमारे साडेसहा अंशांनी खाली असेल, तर शीतलहर मानली जाते. कोमल वनस्पतींच्या सहनशक्तीची सीमाही साधारणतः याच दहा अंशांच्या आसपास आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रात्री उष्णता जाते कोठे?

पृथ्वीचा पृष्ठभाग दिवसा सूर्यापासून उष्णता घेतो आणि रात्रंदिवस ती अदृश्य दीर्घलहरी किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडीत असतो. यास प्रारण म्हणतात. आकाश ढगाळ असेल किंवा हवेत बाष्प पुष्कळ असेल, तर या उष्णतेचा मोठा वाटा परत खाली येतो; आकाश निरभ्र व हवा कोरडी असेल, तर तो परत येत नाही. वनस्पतीचे पान पातळ, विस्तृत आणि आकाशाकडे तोंड करून असते. त्यात उष्णतेचा साठा नगण्य असतो. म्हणून शांत व निरभ्र रात्री पानाचे तापमान भोवतालच्या हवेहूनही काही अंशांनी खाली जाते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून मनुष्याच्या खांद्याइतक्या उंचीवर, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. त्यावर आठ अंश दिसत असताना वाफ्यातील पान चार-पाच अंशांवर असू शकते. वर्तमानपत्रातील आकड्यावर विसंबून राहणारा बागवान फसतो, तो याच कारणाने.

याचे प्रत्यक्ष उदाहरण महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या परिसरात व लिंगमळ्याकडे कडाक्याच्या हिवाळ्यात पहाटे दवबिंदू गोठल्याचे आढळते. मात्र त्याच पहाटे गावातील वेधशाळेत नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असते. थंड झालेली हवा जड होऊन पाण्याप्रमाणे उताराने वाहते आणि सखल जागी साठते, वर उबदार हवेचा थर राहतो. तापमानाचे हे व्युत्क्रमण मेडशीच्या नाल्यांच्या काठीही होते. तलावाची जागा तेथे नाल्याच्या खोलगट भागाने घेतलेली असते, इतकेच.

प्रारणाच्या या व्यवहाराची उकल इंग्लंडमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरील आपल्या १८१४ सालच्या निबंधात केली. त्यांनी हिरवळीत चार बारीक काठ्या रोवून, गवताच्या केवळ सहा इंच वर, एक तलम रुमाल ताणून बसविला. रुमालाखालचे गवत उघड्यावरील गवताहून कित्येक अंशांनी उबदार राहिल्याचे त्यांना आढळले. रुमालास स्वतःची ऊब नव्हती. तो वाऱ्यालाही अडवीत नव्हता. त्याने केवळ गवत व आकाश यांच्यामध्ये आडपडदा उभा केला होता. माळी लोक पातळ चटयांनी नाजूक रोपे झाकतात, या गोष्टीस आपण पूर्वी अर्धवट ज्ञानाच्या अभिमानाने हसत होतो, असेही वेल्स यांनी त्या निबंधात नमूद केले आहे. शास्त्राच्या इतिहासातील हा प्रसंग उद्‌बोधक आहे. कारण विदर्भातील पानमळ्याकडे पाहतानाही तीच सावधगिरी आवश्यक ठरते.

शीतबाधा व हिमबाधा

पाणी गोठल्याने होणारी हिमबाधा आणि गोठण्यापूर्वीच होणारी शीतबाधा या दोन भिन्न क्रिया आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी असे दाखविले की, तंबाखू व भोपळा यांच्या मुळांभोवतीची माती गोठणबिंदूच्या वर राहूनही पुरेशी थंड केली, तर जमिनीत ओलावा असताना पाने कोमेजतात आणि माती उबदार होताच पुन्हा टवटवीत होतात. थंड मुळांना पाणी शोषता येत नाही, हा त्याचा अर्थ. पुढे १८९७ साली हान्स मोलिश यांनी वनस्पतींच्या गोठण्यावरील ग्रंथात गोठून होणारा नाश व केवळ थंडीने होणारा नाश यांतील भेद स्पष्ट केला.

शीतबाधेचे मूळ मुख्यतः पेशीपटलांत आहे, असे आज मानले जाते. ही पटले स्निग्ध द्रव्यांची बनलेली असून विशिष्ट तापमानात त्यांना प्रवाहीपणा असतो. थिजलेले तूप व पातळ तूप यांत जो फरक, त्याच जातीचा फरक थंडीने पटलांत घडून येतो. पटल ताठरले की त्यातील प्रथिनांची कार्ये मंदावतात, पेशीतील क्षार बाहेर झिरपू लागतात आणि पान पाणी भरल्यासारखे दिसून नंतर काळे पडते. बाधित पानाच्या चकत्या शुद्ध पाण्यात ठेवून त्या पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजल्यास झिरपलेल्या क्षारांचे, आणि पर्यायाने बाधेचे, प्रमाण कळते. पदव्युत्तर प्रयोगशाळेत सहज करता येण्याजोगी ही कसोटी आहे.

दुसरे नुकसान रात्री नव्हे, तर सकाळी होते. थंडीने पानातील रासायनिक क्रिया मंदावलेल्या असतात, परंतु हरितद्रव्य प्रकाश शोषीतच राहते. शोषलेल्या ऊर्जेचा विनियोग न झाल्याने ती पानासच घातक ठरते. कमी तापमानात काकडीच्या पानांत ही इजा प्रकाशसंश्लेषणाच्या दुसऱ्या नव्हे, तर पहिल्या प्रकाशयंत्रणेत होते, असे जपानी संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले. विदर्भातील हिवाळी सकाळ थंड असूनही अत्यंत प्रखर असते. त्यामुळे थंड रात्रीनंतर पहिले दोन तास सौम्य सावली मिळालेले रोप आणि पूर्वेच्या उन्हात उघडे पडलेले रोप यांच्या भवितव्यात फरक पडतो. भरीस भर म्हणून उन्हाने बाष्पोच्छ्वास सुरू होतो, पण साक्स यांनी दाखविल्याप्रमाणे गार मुळे पाणी पुरवू शकत नाहीत. अशा रीतीने ओल्या मातीतही रोप तहानलेले राहते. ही स्थिती न ओळखता भर सकाळी पुन्हा थंडगार पाणी देणे म्हणजे दुखणे वाढविणेच होय.

पानमळा : एक अभ्यासनीय रचना

कोमल वनस्पती कोरड्या प्रदेशात वर्षानुवर्षे जगविण्याचा विदर्भातील सर्वांत जुना व व्यवस्थित प्रयत्न म्हणजे पानमळा. नागवेल ही मिरीकुलातील वेल मूळची आग्नेय आशियातील दमट जंगलांची. सावली, ओलावा व स्थिर तापमान ही तिची गरज, आणि यांपैकी एकही गोष्ट वऱ्हाडात निसर्गतः बारमाही मिळत नाही. तरीही रामटेक परिसर आपल्या पानांसाठी प्रसिद्धी पावला, आणि अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी परिसरात पानाबरोबर पिंपळीचीही लागवड रुजली. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या बारी समाजाने या वेलीस तिच्या मूळ जंगलाची एक लहानशी प्रतिकृतीच उभारून दिली, असे म्हणता येईल.

मळ्याच्या रचनेचे अवयव पाहावेत. वेलीस आधारासाठी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांसारखी झपाट्याने वाढणारी, विरळ पानांची झाडे लावतात. मळ्याच्या कडेने दाट कुंपण, गवताच्या किंवा तुराट्यांच्या ताट्या असतात. जमीन नेहमी ओलसर राखली जाते. बुंदेलखंडातील महोब्यासारख्या ठिकाणी हिवाळा अधिक कडक असल्याने बांबू व गवत यांनी वरून व बाजूंनी पूर्ण आच्छादलेले बरेजे उभारतात. उन्हाळ्यात या सर्व योजनेचा हेतू उघड दिसतो. परंतु हिवाळ्यात तीच योजना वेगळे कार्य करते. शेवरीचा विरळ मांडव वेल्स यांच्या रुमालाचे काम करतो : वेलीच्या पानांना थेट आकाश न दिसता झाडांचा पाला दिसतो, आणि तो पाला आकाशाच्या मानाने उबदार असतो. कडेच्या ताट्या कोरड्या उत्तरवाऱ्यास अडवितात व आतील बाष्प टिकवितात. ओलसर जमीन दिवसा उष्णता साठवून रात्री ती सावकाश सोडते. आतील हवा दमट असल्याने पहाटे दव पडते, आणि बाष्पाचे दव होताना सुटणारी उष्णता तापमान आणखी घसरू देत नाही. उष्णता निर्माण करणारे एकही साधन या रचनेत नाही. जमिनीजवळ जी उष्णता आहे, ती जाऊ न देणे, एवढेच तिचे तत्त्व आहे.

याचा अर्थ पानमळ्यातील प्रत्येक प्रथा निर्दोष आहे, असा नव्हे. दमट, गार व वायुवीजन नसलेली जमीन फायटोप्थोरा या कवकसदृश सूक्ष्मजीवास पोषक असते, आणि त्यापासून होणारी मूळकूज व मर हा नागवेलीचा सर्वांत विनाशक रोग होय. मध्य प्रांतातील पानाच्या रोगांवर जे. एफ. दस्तूर यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला निबंध या विषयावरील महत्त्वाच्या प्रारंभिक कामांपैकी एक आहे. थंडीपासून वाचविण्यासाठी दिलेले पाणी आणि रोगास आमंत्रण देणारे पाणी यांतील सीमारेषा अतिशय बारीक आहे. जमीन ओलसर असावी, चिखल नसावा. पाण्याचा निचरा होत असावा. आणि थंडीने दुखावलेली वेल बुंध्याशी पाण्यात उभी राहू नये, ही ती सीमारेषा होय.

नागवेलीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष गंभीर आहे. ही वनस्पती विभक्तलिंगी असून लागवडीत ती बियांपासून नव्हे, तर वेलीच्या तुकड्यांपासून, म्हणजे बेण्यापासूनच वाढवितात. एखाद्या मळ्यात जतन केलेले वाण हे एकाच मूळ वेलीचे अखंड चालत आलेले शरीर असते. गव्हाचे पीक थंडीने गेले, तर कोठारातील बियाण्यातून ते पुन्हा उभे राहते. पानाचे एखादे स्थानिक वाण थंडीच्या एका आठवड्यात सर्वत्र गेले, तर ते परत मिळविण्याचा मार्ग उरत नाही. विद्यापीठीय संग्रहालाही हेच लागू आहे. एका वाणाची एकच कुंडी असलेला संग्रह म्हणजे एका रात्रीच्या हवाली केलेला संग्रह होय.

जीव कोठे साठविला आहे?

परसबागेतील औषधींच्या शीतरक्षणाचा विचार करताना, प्रतिकूल काळात त्या वनस्पतीचा जीव कोठे साठविलेला असतो, हा प्रश्न प्रथम विचारावा. त्यानुसार चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग हळद, आले, आंबेहळद यांचा. यांचा जीव जमिनीतील आडव्या खोडात, म्हणजे मूलक्षोडात असतो. हिवाळ्यात पाला पिवळा पडून वाळतो, तो रोगाने नव्हे, तर विश्रांतीच्या क्रमाने. येथे पाला वाचविण्याचा आटापिटा व्यर्थ आहे. कंद जमिनीतच राहणार असतील, तर वर वाळल्या गवताचे जाड आच्छादन व अल्प ओलावा पुरतो; काढावयाचे असतील, तर बेणे सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. विश्रांतीतील कंदास थंडीपेक्षा अनावश्यक पाण्याचे भय अधिक असते.

दुसरा वर्ग सब्जा व तुळस यांचा. यांचा जीव बियांत सुरक्षित राहतो. कार्तिकात तुळशीविवाह होतो आणि पुढे मार्गशीर्ष-पौषात अंगणातील तुळस झडू लागते, हा घरोघरचा अनुभव आहे. यामागे दोन कारणे एकत्र येतात : मंजिऱ्या धरून बी पक्व झाल्याने येणारे स्वाभाविक वार्धक्य, आणि त्यावर पडणारी थंडी. मंजिऱ्या वेळीच खुडल्यास झाडाची शक्ती पाल्याकडे वळते आणि ते अधिक काळ तग धरते. मात्र काही मंजिऱ्या बियांसाठी राखून ठेवाव्यात. वृंदावन घराच्या भिंतीजवळ असल्यास दिवसभर तापलेली भिंत रात्री त्यास काही ऊब देते आणि आकाशाचा एक भाग झाकते. उलट, उंच चौथऱ्यावरील थोडी माती जमिनीपेक्षा लवकर गार होते. या दोहोंपैकी कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे वृंदावनाच्या जागेवर अवलंबून असते.

तिसरा वर्ग गवती चहासारख्या ठोंबांचा. वरची पाती थंडीने करपली, तरी बुंध्याशी असलेले फुटवे जिवंत असतात. करपलेली पाती लगेच कापू नयेत. तीच बुंध्यावरचे छप्पर असतात. थंडी सरल्यावर छाटणी करून पाणी दिल्यास ठोंब पुन्हा फुटतो.

चौथा वर्ग सर्वांत असुरक्षित : नागवेल, पिंपळी, पानओवा. यांचा जीव हिरव्या खोडात व पानात, उघड्यावरच असतो. विश्रांतीची अवस्था त्यांना जवळजवळ नाहीच. म्हणून यांच्या बाबतीत रक्षणाबरोबर प्रतिरूप राखणे, म्हणजे हिवाळ्यापूर्वीच बेणे लावून काही रोपे आडोशाला वेगळी ठेवणे, हा अपरिहार्य उपाय ठरतो. ही रोपे ऑक्टोबरात, जमीन उबदार असतानाच लावावीत. गार मातीत नवी मुळे फुटत नाहीत.

उपायांची परीक्षा

प्रचलित उपायांपैकी काही उपयुक्त, काही निरुपयोगी, तर काही चुकीच्या ठिकाणी योजल्यास घातक आहेत.

आच्छादनाचा प्रश्न सर्वांत गैरसमजाचा आहे. जमिनीवर पसरलेले वाळले गवत उष्णतेचे दुर्वाहक असते. ते मुळांची व कंदांची ऊब राखते. परंतु त्याच कारणाने जमिनीतील उष्णता वर येऊ देत नाही. परिणामी गवताच्या थरावरची हवा, आणि त्या हवेतील पाने, उघड्या ओल्या जमिनीवरच्या पानांपेक्षा अधिक थंड होतात. म्हणून हळदीच्या वाफ्यात आच्छादन हितकारक, तर ठेंगण्या सब्जाच्या वाफ्यात तेच अपायकारक ठरू शकते. पानांचे रक्षण करावयाचे असल्यास आच्छादन जमिनीवर नव्हे, तर रोपाच्या वर हवे.

वरचे आच्छादन कापडाचे, गोणपाटाचे किंवा गवताच्या ताटीचे असावे, पानांना न टेकता काठ्यांवर पेललेले असावे, आणि सूर्यास्तापूर्वीच घातलेले असावे. कारण उष्णता निघून गेल्यावर झाकलेले भांडे उबदार होत नाही. प्लास्टिकच्या पातळ पॉलिथीन कागदातून दीर्घलहरी प्रारण बव्हंशी आरपार जाते. त्यामुळे तो वाऱ्याला अडवितो, पण आकाशाला अडवीत नाही. पानास चिकटल्यास तर त्या ठिकाणी पान अधिकच गार होते. सकाळी ऊन चढू लागल्यावर आच्छादन एकदम न काढता पश्चिमेकडून काढीत आणावे, म्हणजे कोवळ्या उन्हाचा मारा टळतो.

पाण्याचा उपयोग निर्विवाद आहे, परंतु त्याची वेळ महत्त्वाची आहे. कोरड्या काळ्या जमिनीस भेगा पडतात, तिच्यातील हवेमुळे उष्णता खालून वर नीट वाहत नाही. ओलसर जमिनीत उष्णतेचा साठाही मोठा असतो व तिचे वहनही चांगले होते. अपेक्षित थंड रात्रीच्या आदल्या सकाळी पाणी दिल्यास जमिनीस दिवसभराचे ऊन साठविता येते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेहून उबदार असते, म्हणून पहाटेच्या वेळी हलके पाणी देण्याची प्रथाही सयुक्तिक आहे. उघड्या हौदात रात्रभर गार झालेल्या पाण्याला मात्र हे लागू नाही.

धुराविषयी मात्र मत बदलावयास हवे. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवितात, हे सर्वज्ञात आहे. शेकोटीची उष्णता आणि तिच्यामुळे होणारे हवेचे मिश्रण यांचा काही उपयोग होतो. परंतु धुराचे कण दीर्घलहरी प्रारणास फारसे अडवीत नाहीत. धूर दाट दिसतो, म्हणून तो पांघरूण ठरतो, असे नव्हे. पुष्कळ लहान शेकोट्या एका मोठ्या जाळापेक्षा श्रेयस्कर असतात, कारण मोठा जाळ उबदार थर भेदून उष्णता वर नेतो.

वाऱ्याच्या आडोशाबाबत जागेचा विचार करावा. उत्तरेची ताटी कोरडा वारा अडविते, ते इष्टच आहे. परंतु उताराच्या खालच्या बाजूस घनदाट कुंपण घातले, तर वरून वाहत येणारी थंड हवा बंधाऱ्यामागील पाण्याप्रमाणे बागेतच साठते. अशा ठिकाणी खालच्या कुंपणात जमिनीलगत वाट ठेवणे आवश्यक असते. मुळात नाल्याकाठची जागा पाण्याच्या सोयीसाठी निवडली जाते. कोमल वनस्पतींसाठी मात्र तिच्यापेक्षा उताराचा मधला भाग अधिक सुरक्षित असतो. याशिवाय पावसाळ्याच्या अखेरीस नत्रयुक्त खत देऊन लुसलुशीत वाढ घडवू नये आणि नागवेलीची उतरण थंडी ओसरण्यापूर्वी करू नये, हेही ओघाने येते.

अभ्यासाची दिशा

या विषयात पदव्युत्तर विद्यार्थ्यास करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि त्यास महाग उपकरणे लागत नाहीत. एकाच बागेत तीन तापमापक ठेवावेत : एक पेटीत खांद्याच्या उंचीवर, दुसरा पानांच्या पातळीवर उघड्यावर, तिसरा मातीत बोटभर खोल. डिसेंबर व जानेवारीतील रोजचे किमान तापमान, आकाशाची स्थिती, वारा आणि दहा अंशांखाली गेलेला काळ यांची नोंद ठेवल्यास त्या जागेचा खरा हिवाळा कळून येतो. अकोला येथे १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान या प्रदेशाला जवळचे आहे. तेथील मैदानी हवामान आणि मेडशीकडील चढणीचे हवामान यांची तुलना उद्‌बोधक ठरावी. शीतबाधा तापमानाच्या नीचांकावर अधिक अवलंबून असते की थंडीच्या कालावधीवर, याचे उत्तर प्रत्येक वनस्पतीसाठी वेगळे असू शकते, आणि ते ज्या त्या स्थळी मोजूनच मिळवावे लागते.

सारांश, विदर्भात कोमल औषधींचा हिवाळा हा काही महिन्यांचा नसून काही रात्रींचा असतो. त्या रात्री नवी उष्णता आणून ओतण्याची गरज नसते. दिवसाने जमिनीत ठेवून दिलेली उष्णता निसटू न देणे पुरेसे असते. पानमळ्याची रचना हेच तत्त्व प्रत्यक्षात आणीत आली आहे. त्या रचनेतील प्रत्येक अवयवाचे माप घेणे, त्यातील सयुक्तिक भाग व रोगास कारण होणारा भाग वेगळा करणे, आणि प्रत्येक वाणाची निदान दोन रोपे दोन भिन्न ठिकाणी राखणे, ही कामे अभ्यासकांनी हिवाळा येण्यापूर्वीच हाती घ्यावयास हवीत. कारण बेण्यावर चालत आलेले वाण एकदा गेले, म्हणजे त्याचे केवळ नावच मागे राहते.